मूनशाइन म्हणे!

गेल्या मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी मांडव्याजवळच्या एका रिसॉर्टात गेलो होतो. नवऱ्यामुलाकडची मंडळी मुंबईहून बोटीने, वारा खात आली. आम्ही पेणकडची माणसं गाडीने, घाम पुसत. बागेत एक काउंटर लावलं होतं आणि त्यावर दिव्यांच्या माळेत इंग्रजी पाटी होती: ‘मूनशाइन’. आपल्याकडे लोणचं घालतो तसल्या बरण्यांमधून काहीतरी पांढुरकं देत होते, वर पुदिन्याचं पान. माझी जुनी नोकरी कुणीतरी सांगितली असावी, कारण नवऱ्यामुलाचा एक मित्र बरणी घेऊन माझ्याकडे आला.

“अंकल, तुम्ही दारूबंदीत होतात ना? मग हे तुम्हाला माहीतच असेल. आपली हातभट्टीच, फक्त क्लासी. चांदण्यात, जंगलात, लपूनछपून गाळायचे म्हणून मूनशाइन. किती रोमँटिक, नाही?”

मी त्याला विचारलं, “सडव्याचा वास घेतलायत कधी?”

“कशाचा?”

मी म्हटलं, जाऊ द्या, जेवून घ्या.

त्याला जे सांगितलं नाही ते इथे लिहितो. एकतीस वर्षं मी या किनाऱ्यावर दारूबंदीचा साहेब म्हणून काढली. साहेब म्हणजे दुय्यम निरीक्षक. हाताखाली दोन जवान, एक जीप, आणि ती जीपही जवानांपेक्षा जास्त वेळा रजेवर. रोमँटिक म्हणण्यासारखं मला तरी त्यात काही दिसलं नाही.

आधी हातभट्टी म्हणजे काय ते सांगतो. काळा गूळ आणि नवसागर पाण्यात घालून पिंपात सडत ठेवतात. त्या आंबलेल्या पाण्याला सडवा म्हणतात. तो उकळून वाफ थंड केली की थेंब थेंब दारू पडते. ऐकायला सोपं वाटतं. पण ते पिंप मुळात कशाचं होतं हे गाळणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रंगाचं असेल, कीटकनाशकाचं असेल. मी पिंपांत मेलेले उंदीर पाहिले आहेत, कुर्ल्या पाहिल्या आहेत. एकदा एक चप्पल निघाली, दुसरी मिळाली नाही. जोर यावा म्हणून टॉर्चचे जुने सेल फोडून टाकणारे महाभागही पाहिले. असल्या पाण्याला चांदण्याचं नाव द्यायला त्यापासून समुद्राइतकं लांब असावं लागतं.

आमच्याकडे चंद्राचा संबंध होता, पण वेगळा. भट्ट्या असायच्या खाडीतल्या तिवरांच्या झाडीत. ओहोटीला तिथे गुडघाभर चिखल, त्यामुळे होडी जाणार ती भरतीलाच. म्हणून आमच्या कार्यालयात कायद्याच्या पुस्तकाशेजारी पंचांग टांगलेलं असे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्दशी म्हणजे साडेदहा. माझे बहुतेक छापे चतुर्दशीच्या आसपास, सकाळी चहा घेऊन, टळटळीत उन्हात पडलेले आहेत.

अशाच एका चतुर्दशीला रेवदंड्याच्या खाडीत आम्ही यमुनाबाईची भट्टी धरली. खाडीच्या पलीकडे एक वाडी आहे, नाव लिहीत नाही, तिथली ही बाई. चाळिशीची, काटक, नवरा आधीच गेलेला. होडीचा आवाज ऐकून तिचे दोन गडी चिखलातून पळाले. ही मात्र भट्टीसमोर लाकडं सारत तशीच बसली होती.

“उठा बाई.”

“उठताव. जाळ कमी करू द्या, न्हायतर तुमच्याच अंगावर उडंल.”

जाळ कमी करून ती उठली, पदराला हात पुसले आणि होडीत जाऊन बसली. दहा पिंपं आम्ही फोडली. सडवा चिखलात सोडला. त्या वासाने माझ्या एका जवानाला ओकारी झाली. यमुनाबाईने त्याला प्यायला पाणी दिलं.

पंचनाम्याला पंच लागतात. म्हणजे गावातली दोन त्रयस्थ माणसं, ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि कागदावर सही केली. त्रयस्थ माणूस मिळणं हे या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम. भट्टी दोन तासांत सापडते, पंच दोन दिवसांत सापडत नाही. त्या दिवशी मी होडीवाल्यालाच पंच केलं. त्याचं नाव काशिनाथ. त्याच वाडीतला, मासेमारी करणारा, तिशीचा, हसतमुख. संध्याकाळी दोन घोट घेतो हे मला माहीत होतं. कुणाकडची घेतो याचा विचार मी केला नाही. दुसरा पंच पुढे कामाला सुरतेला निघून गेला, समन्स कधी पोचलंच नाही. राहिला काशिनाथ.

दोन वर्षांनी खटला उभा राहिला. यमुनाबाईचे वकील म्हातारे होते. जन्मभर दिवाणी दावे लढवलेले, फौजदारीत हौसेने यायचे आणि इंग्रजी बोलायची संधी सोडायचे नाहीत. त्यांनी काशिनाथला उलटतपासणीला घेतलं.

“तुम्ही भट्टी पाहिलीत?”

“न्हाय साहेब.”

“पिंपं?”

“न्हाय. मी होरीत व्हतो. साहेब बोलले सही कर, मी केली. कोरा कागुद व्हता.”

कोरा नव्हता. त्याने पिंपं स्वतः मोजली होती, नऊ म्हणाला होता, मी दहावं दाखवलं होतं. मी त्याच्याकडे बघत होतो आणि तो छताच्या पंख्याकडे.

मग वकीलसाहेब उठले आणि दोन्ही हात पसरून इंग्रजीत म्हणाले की, सरकार पक्षाची ही सगळी केस म्हणजे मूनशाइन आहे.

आता माझी फजिती सांगतो. हा शब्द मी एकदाच, प्रशिक्षणात ऐकला होता. मूनशाइन म्हणजे बेकायदा गाळलेली दारू, असं वहीत लिहून घेतलं होतं. मला वाटलं, म्हातारा घसरला. मी घाईघाईने पुढे वाकून सरकारी वकिलांच्या कानात म्हटलं, “साहेब, कबूल केलं त्यांनी! केस मूनशाइनची आहे म्हणाले!” मला वाटलं होतं हळू बोललो. ते न्यायाधीशांपर्यंत गेलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. सरकारी वकील खाली बघत म्हणाले, “म्हात्रे, गप्प बसा. ते तुमच्या केसला थाप म्हणतायत.”

यमुनाबाई सुटली. सुटल्यावर कोर्टाच्या पायऱ्यांवर तिने मला नमस्कार केला. चेष्टेने नव्हे, आणि तेच जास्त लागलं.

माझी सासुरवाडी बोर्ली पंचतनची. पुढच्या वेळी गेलो तेव्हा बायकोला शाळेत इंग्रजी शिकवलेले मुकादम सर बाजारात भेटले. शब्द डोक्यातून जात नव्हता, तो त्यांना विचारला. सर मला घरी घेऊन गेले. चौरंगावर ठेवायचा जाडजूड शब्दकोश काढला आणि चष्मा कपाळावर चढवून वाचू लागले.

“मूळ मतलब साधा, म्हात्रे. चांदणं. बस. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की चांदणं पाण्यात पडतं, दिसतं छान, हाताला काही लागत नाही. म्हणून ज्यात काही दम नाही अशा बोलण्याला मूनशाइन म्हणू लागले. बाता. तुमच्या वकिलांनी म्हटलं ते हे. दिवाणी कोर्टात पोकळ बचावाला हा शब्द फार चालतो.”

“आणि दारू?”

“ती मागाहून आली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर, दक्षिणेला, चोरटी ब्रँडी उतरायची. पांढरी. जकात चुकवून, रात्री, होड्यांतून. तिला ते लोक मूनशाइन म्हणत. तिथून लफ्झ गेला अमेरिकेत. तिकडे डोंगरात मक्याची दारू गाळायचे, तिला चिकटला. आता तोच मतलब उरला.”

मी म्हटलं, “म्हणजे चंद्र, थाप आणि दारू, तिघांना एकच शब्द? एवढी मोठी भाषा आणि शब्दांची एवढी टंचाई?”

सर हसले. “ज्याने नाव ठेवलं, तो पिणारा असणार. गाळणारा नव्हे, पकडणाराही नव्हे.”

एकतीस वर्षांत या धंद्याबद्दल मी ऐकलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य, आणि ते म्हणणाऱ्या माणसाने दारूचा थेंब कधी तोंडात घेतला नव्हता.

त्यानंतर मी यमुनाबाईच्या मागे लागलो. याला कर्तव्यदक्षता असा शब्द माझ्या गोपनीय अहवालात आहे. खरं सांगायचं तर तो कोर्टातला अपमान होता. प्रत्येक चतुर्दशीला मी खाडीत. भट्टी सापडली की फोडायची. ती नवी लावायची, मी परत फोडायचो. दीड वर्षाने तिने हात टेकले आणि रेवदंड्याच्या बाजारात सुकट-बोंबील विकायला बसली. मी मुद्दाम तिच्याकडून बोंबील घेत असे. आपण एका बाईला मार्गाला लावलं असं मला वाटे. त्या काळातला माझा चेहरा आज कुणी आरशात दाखवला तर मी त्याला ओळख देणार नाही.

एकदा बोंबील बांधून देताना ती म्हणाली, “साहेब, आमच्या वाडीत दारूच्या पिशव्या येतान. पलास्टिकच्या. टेंपोतून. त्याचा वास आमच्यासारखा न्हाय.”

“मग कसा?”

“सुईच्या आधी डाक्टर कापूस फिरवतो ना, तसा. मी आयुष्यभर गाळली साहेब, मना वास समजतो. ते पिऊ नका सांगितलं लोकांना, तर बोलतात तुझा धंदा बुडाला म्हणून बोलतंस.”

मीही तेच समजलो. धंदा गेलेली बाई, दुसऱ्याचा चाललेला बघवत नाही. “बघतो,” म्हणालो आणि बोंबील घेऊन घरी गेलो. वहीत नोंदही केली नाही.

तीन आठवड्यांनी निवडणूक होती. मतदानाच्या आधी दारूची दुकानं बंद करून त्यांना सील लावणं हे आमचं काम. मी दिवसभर फिरून सगळ्या दुकानांना सील लावलं. कुलपावर फीत, फितीवर लाख, लाखेवर शिक्का, चिठ्ठीवर माझी सही. दुकानं बंद म्हटल्यावर वाडीत त्या पिशव्यांना गिऱ्हाईक वाढलं, हे शाळेतलं पोर सांगू शकलं असतं. मला सुचलं नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी अकराला रुग्णालयातून फोन आला. वाडीतली सात माणसं आणली होती. दोघे वाटेतच गेले होते. मी पोचलो तेव्हा काशिनाथ खाटेवर बसलेला होता. त्याची बायको, गुलाब, त्याचे खांदे धरून उभी होती.

“काशिनाथ, मी म्हात्रे.”

“कुठं हाव साहेब तुमी? दिवा लावा ना. निस्तं धुकं हाय.”

खिडकीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं होतं.

डॉक्टर तिशीच्या आतली बाई होती. तिने मला बाहेर व्हरांड्यात घेतलं. “कारखान्यातलं स्पिरिट आहे, मिथेनॉल. यावरचं इंजेक्शन इथे नाही, मागवलंय, यायला तीन तास. तोवर पोटातलं विष थोपवायला हवं. शरीर चांगली दारू आधी पचवतं आणि ती असेपर्यंत या विषाकडे वळत नाही. मला चांगली दारू हवीय. सीलबंद, कंपनीची. नळीने देते.” मग माझ्या गणवेशाकडे बघून म्हणाली, “तुमच्याकडे असेलच ना?”

माझ्या कार्यालयात जप्त मालाची खोली भरलेली होती. पण त्यातलं काय कशाचं होतं, हे मला तरी कुठे ठाऊक? विषावर आणखी विष झालं असतं. आणि चांगली दारू होती ती सगळी माझ्या सहीच्या चिठ्ठीमागे.

वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, “म्हात्रे, आज मतदान आहे. सील तोडल्याची बातमी झाली तर मला जड जाईल. लेखी मागणी पाठवा, मी वर विचारतो.” मी म्हटलं, “माणसं मरतायत साहेब.” ते म्हणाले, “म्हणूनच लेखी पाठवा.”

रुग्णालयाजवळच्या दुकानदाराला मी घरातून उठवून आणलं. सील बघून तो मागे सरकला. “साहेब, सील तुमचं, तोडणार तुम्ही, आणि उद्या लायसन्स जाणार माझं. लिहून द्या.” माझ्याच सहीच्या चिठ्ठीच्या पाठीवर मी लिहून दिलं की सील मी तोडत आहे, जबाबदारी माझी. लाख फोडताना मनात खाटेवरची माणसं नव्हती. माझी पेन्शन होती. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. चार बाटल्या व्हिस्की छातीशी धरून मी भर रस्त्याने, मतदानाच्या रांगेसमोरून, गणवेशात चालत गेलो. रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली.

डॉक्टरबाईंनी पाण्यात मिसळून, मोजून, नाकातल्या नळीतून ती दारू एकेकाला दिली. ज्या हातांनी जन्मभर दारू ओतून टाकली त्या हातांनी मी बाटल्यांची बुचं उघडून देत होतो. इंजेक्शन आलं दुपारी तीनला. पाचांपैकी चार वाचले. पाचवा काशिनाथचा मेहुणा, गुलाबचा धाकटा भाऊ, संध्याकाळी गेला. काशिनाथ वाचला. डोळे गेले ते गेलेच, डाव्या डोळ्याला माणसाची सावली तेवढी कळते.

व्हरांड्यात यमुनाबाई भिंतीला टेकून बसली होती. मला येताना तिने पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तिने नजर वळवली, एवढंच.

टेंपोचा ड्रायव्हर सापडला. ज्याच्या गोदामातून स्पिरिट निघालं तोही सापडला. मोठा माणूस, पांढरे कपडे, नम्र बोलणं. खटल्यात महत्त्वाचा साक्षीदार काशिनाथ. गोदामवाला स्वतः एकदा टेंपोबरोबर वाडीत आला होता, पिशवी त्याच्या हातून काशिनाथने घेतली होती. तेव्हा डोळे होते. गुलाब त्याला हाताला धरून पिंजऱ्यापर्यंत घेऊन आली. त्याने सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग गोदामवाल्याच्या वकिलाने जुना कागद काढला.

“मागे याच दुय्यम निरीक्षकाच्या केसमध्ये तुम्ही शपथेवर सांगितलं होतं की त्यांनी कोऱ्या कागदावर सही घेतली. खरं की खोटं?”

मी मनात म्हटलं, आठवत नाही म्हण. आठवत नाही म्हण.

“खोटं,” काशिनाथ म्हणाला.

“म्हणजे तुम्ही शपथेवर खोटं बोलता?”

“तवा बोललो. तवा मना यमुनाबाईकडं फुकट मिलायची.”

कोर्टात हशा पिकला. वकील खाली बसले. त्यांना पुढे काही विचारायची गरज राहिली नव्हती. ड्रायव्हरला शिक्षा झाली. गोदामवाला संशयाचा फायदा घेऊन सुटला आणि गाडीत बसताना मलाही हात हलवून गेला. तीन माणसं मेली, एक आंधळा झाला, आणि तुरुंगात कोण, तर जो फक्त गाडी चालवत होता तो. या निकालाबद्दल मला जे वाटतं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

मला मेमो आला. सील का तोडलं, कुणाच्या परवानगीने तोडलं, आणि चार बाटल्यांची विल्हेवाट कशी लावली याचा खुलासा करावा. मी लिहिलं की बाटल्या पाच इसमांच्या पोटात जमा आहेत, पैकी एक इसम मयत, उरलेले चार तपासणीसाठी हजर करू शकतो. सेवापुस्तकात एक ताकीद लागली. यमुनाबाईने पिशव्यांबद्दल सांगितलं तेव्हा वहीत नोंद का केली नाही, हे मात्र मला कुणीच विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतो आहे.

निवृत्त झाल्यावर एकदा वाडीत काशिनाथकडे गेलो. ओट्यावर बसून तो जाळं दुरुस्त करत होता, बोटांनी चाचपून, सावकाश. माझा आवाज ओळखला. गुलाबने चहा आणला. बराच वेळ आम्ही मासळीबद्दल बोललो. मग बायको आत गेल्याची चाहूल घेऊन तो माझ्याकडे झुकला.

“साहेब, एक विचारू? त्या दिशी नलीतून दिलीत, ती कुठली व्हती?”

मी नाव सांगितलं.

त्याने गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

“भारीतली हाय,” तो म्हणाला. “चवच न्हाय कलली.”